रणदिवेबाईंचं ‘कोण?’

रणदिवेबाईंना फोन केला की आधी परीक्षा द्यावी लागायची. पलीकडून कोरडा आवाज यायचा, “कोण?” मी म्हणायचे, “बाई, मी कांता.” रोज आठ तास शेजारी बसणाऱ्या बाईचा आवाज ओळखू येत नाही असं थोडंच असतं? पण बाई विचारायच्या, “परवा डब्यातून मी तुला कुठली भाजी दिली?” गवार, असं सांगितलं की मग पुढचं बोलणं. पुढच्या फोनला गवार चालायची नाही. प्रश्न नवा असायचा.

हे फक्त माझ्यापुरतं नव्हतं. आमचा लॅब मॅनेजर डेक्लन, लाल दाढीचा, कशालाही “ग्रँड”, म्हणजे झकास, म्हणणारा माणूस. एकदा इमारतीत धुराची घंटा वाजली. सगळे खाली गाडीतळावर पावसात उभे, आणि बाई वर आपल्या खोलीत. डेक्लनने फोन करून लगेच खाली यायला सांगितलं, तर बाईंनी त्याला विचारलं की मंगळवारी माझ्याकडून काय उसनं नेलंस. तो पावसात भिजत, डोळे मिटून आठवत उभा राहिला. स्टेपलर, असं त्याच्या तोंडून आलं तेव्हा कुठे बाई खाली उतरल्या. घंटा खोटीच वाजली होती. त्यावरही बाई म्हणाल्या, बघा, घंटेलाही कुणी विचारलं नाही.

तेव्हा आम्ही हसायचो. आज हसू येत नाही. त्या बाईंनी शेवटी जे केलं, आणि जे केलं नाही, त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

मी आयर्लंडला आले ती नवऱ्याच्या मागून. विलास एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर होता. मी त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात लाइनवर सोल्डरिंग करत होते. रणदिवेबाई दर शनिवारी त्या रेस्टॉरंटात जेवायला यायच्या. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या, बारीक कापलेले केस, बाराही महिने तोच मरून स्वेटर आणि मोज्यांवर सँडल. एकदा त्यांच्या फोनच्या चार्जरची पिन सैल झाली होती. विलासने सहज म्हटलं, माझी बायको करील. मी करून दिली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते सोल्डर डोळ्यांजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. पंधरा दिवसांत मी चेरीवूडला त्यांच्या लॅबमध्ये होते.

मधल्या पंधरा दिवसांत एक फॉर्म भरला गेला. विलासच्या मित्राने भरला. ‘शिक्षण’ या रकान्यात त्याने बारावी पास लिहिलं आणि मी खाली सही केली. मी आठवीनंतर शाळा सोडली होती. माझं परमिट कंपनीच्या नावावर निघालं. नोकरी गेली की परमिट गेलं, एवढं मला समजत होतं. त्यामुळे लॅबमध्ये कुणी मोठ्याने कागद उलटला तरी मी दचकून वर पाहायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे एक बोर्ड ठेवला. पाच वायरी, पाच रंग. म्हणाल्या, यंत्र सांगतंय की सगळं बरोबर आहे, तू बघ. मी भिंग लावलं. पिवळ्या वायरीचं सोल्डर वरून चकचकीत आणि आतून सुटलेलं होतं. ड्राय सोल्डर म्हणतो आम्ही. बाईंनी शाबासकी दिली नाही. विचारलं, भोसरीत किती वर्षं काढलीस? मी अभिमानाने सांगितलं, सोळा. बाईंचा हात क्षणभर चहाच्या कपावर थांबला. मग त्या म्हणाल्या, प्रेसमधून दुसरा ट्रे काढ. कपाटाला प्रेस म्हणायची तिथली रीत, बाईंनी ती उचलली होती.

त्या प्रेसला बाईंचं स्वतःचं कुलूप होतं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. आमच्या लॅबचं कामच कुलूप-किल्लीचं होतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. हॉस्पिटलातल्या नर्सने हातात घेऊन फिरायचं एक यंत्र आमची कंपनी बनवत होती. पडद्यावर पेशंटचं नाव, औषध, वेळ. वायर नाही, सगळं हवेतून हॉस्पिटलच्या नेटवर्कशी बोलायचं. तोवर बहुतेक ठिकाणी यंत्राने आपला नंबर सांगितला की नेटवर्क त्याला आत घ्यायचं. बाईंना ते ऐकूनच संताप यायचा. बाहेर गाडीत बसून कुणी लॅपटॉपवरून तोच नंबर सांगितला, तर तोही आत? त्यांचं एक वाक्य लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होतं, आयरिश मुलांनासुद्धा, मराठीतच: “नाव सांगू नका, खूण दाखवा.”

मला इंग्रजी अर्धंच कळायचं. दुपारी जेवताना बाईंनी मला ते समजावून दिलं. म्हणाल्या, समज, तुझ्या आईकडून आलो म्हणून एक माणूस दारात उभा राहिला. काय करशील? मी म्हटलं, विचारीन, आईच्या हातावर भाजल्याची खूण कुठे आहे. बरोबर, म्हणाल्या. पण शेजारीण जिन्यात उभी होती आणि तिने त्याचं उत्तर ऐकलं. उद्या ती दुसऱ्याला पाठवील. मी घास तसाच हातात धरला. मग म्हटलं, उद्या दुसरं काहीतरी विचारीन. बाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, हेच. रोज नवा प्रश्न. नेटवर्क विचारणार, यंत्र आतल्या किल्लीने, म्हणजे त्याच्यात दडवलेल्या गुप्त आकड्याने, उत्तर काढणार, आणि किल्ली स्वतः कधी बाहेर यायची नाही. ऐकणाऱ्याने जन्मभर ऐकलं तरी त्याच्या हाती काही लागायचं नाही.

आणि हे फक्त यंत्रालाच विचारून भागत नाही, हा बाईंचा दुसरा हट्ट. यंत्रानेही नेटवर्कला विचारायचं, तू खरंच हॉस्पिटलचं ना? तो हट्ट त्या रस्त्यावरही चालवायच्या. बाईंच्या घराच्या, ब्रे गावाकडे जाणाऱ्या बसवर ढळढळीत पाटी असायची, तरी पायरीवर एक पाय ठेवून बाई ड्रायव्हरला विचारणार, ही कुठे जाते? तो ड्रायव्हरही वर्षानुवर्षं तोच. एखाद्या दिवशी चंद्रावर जाते म्हणायचा, एखाद्या दिवशी तुमच्या माहेरी. बाई खरं उत्तर मिळेपर्यंत चढायच्या नाहीत. मागे रांग तिष्ठत उभी. बाई मला म्हणायच्या, तुला सगळे विचारतात आणि तू सगळ्यांना उत्तरं देतेस, तू कुणाला कधी काही विचारत नाहीस. मी मान हलवायचे. विचारणार कुणाला? विमानतळावर, परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या पोलिसांच्या खिडकीवर, बँकेत, सगळीकडे मी उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला. विचारायला आपलं कुठे काय होतं?

दीड वर्षात चाळीस यंत्रं तयार झाली. पश्चिमेकडच्या एका हॉस्पिटलात पहिली चाचणी ठरली. प्रत्येक यंत्रात एक बारीक चिप, प्रत्येक चिपमध्ये वेगळी किल्ली. किल्ल्या बाईंच्या लॅपटॉपमधून एकदाच उतरायच्या आणि तिथून पुसल्या जायच्या. चिपा बसवायचं काम माझं. प्रत्येक यंत्राचा एक तपासणीचा कागद, चाळीसही कागदांवर बाईंची सही.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी एकतीस नंबरचं यंत्र शेवटच्या तपासणीत अडकलं. पाहिलं तर चिप जळालेली. माझ्याच इस्त्रीने. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक जरा जास्त वेळ टेकलं होतं. बाई मीटिंगमध्ये होत्या. मला सरळ दिसायला लागलं: आता चौकशी होणार, हिला येतं का, हिचं शिक्षण काय, फॉर्म काढा, दाखला आणा.

भोसरीत अशा वेळी आम्ही काय करायचो, ते हातांना पाठ होतं. तिथे लाइनच्या टोकाला एक मास्टर पीस असायचा, उत्तम चालणारा. सगळ्या नव्या चिपा त्याच्यावरून उतरवायच्या. नक्कल करणं ही तिथे चोरी नव्हती, तेच काम होतं. नक्कल जितकी हुबेहूब तितकी तुम्ही हुशार. मी सतरा नंबरचं यंत्र उघडलं, त्याच्या चिपला टेबलावरची केबल लावली, आतलं सगळं जसंच्या तसं कोऱ्या चिपवर उतरवलं आणि ती एकतीसमध्ये बसवली. एकतीस सुरू झालं. तपासणीत पास. किल्ल्या वेगळ्या असायला हव्यात हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाईंनी मला ते आईच्या हातावरची खूण घेऊन शिकवलं होतं. पण दोन्ही यंत्रं एकाच वेळी कोण सुरू करील, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात लॉन्ड्रीशेजारच्या एका कोठीत बाईंनी लॅपटॉप मांडला. मी बॅटऱ्या बदलायला. यंत्रं वाटली गेली. पडद्यावर हिरवे ठिपके उमटत गेले. बाई एकेक नंबर बोटाने मोजत होत्या. आणि मग त्यांचं बोट थांबलं.

सतरा नंबर तिसऱ्या मजल्यावर होता. सतरा नंबर तळमजल्यावरही होता.

बाईंनी दोन्ही ठिपक्यांवर बोट टेकवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. दोन ठिकाणी एकच यंत्र दिसलं तर दोन्ही बंद, हा नियम त्यांनीच घातला होता. दोन्ही ठिपके विझले. पण त्याआधी दोन-तीन मिनिटं गेली होती. तळमजल्यावरच्या नर्सच्या पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याचं नाव आणि त्याचं औषध आलं होतं. ती औषध काढून खाटेपाशी पोचलीसुद्धा होती.

आम्ही धावत तिथे गेलो. नर्स शांत उभी. औषधाचा प्याला ट्रेवर तसाच. तिने सांगितलं, पाजण्याआधी तिने सवयीने खाटेवरच्या माणसाला त्याचं नाव आणि जन्मतारीख विचारली, ती जुळली नाही, म्हणून थांबली. बाईंनी तिला पुन्हा विचारलं, तुम्ही विचारलंत? ती म्हणाली, मी नेहमीच विचारते. बाई खाटेची कड धरून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. तो पेशंट पाव बाजूला ठेवून त्यांना पाणी देऊ लागला.

चाचणी बाईंनी तिथल्या तिथे थांबवली. कंपनीची मोठी माणसं आली होती, हॉस्पिटलची आली होती. दोन यंत्रं बाजूला करून बाकीचं चालू ठेवू, असं डेक्लन समजावत होता. बाई नाही म्हणाल्या. परतीच्या गाडीत मी मागे बसले होते, हात मांडीखाली दाबून. अर्ध्या वाटेवर मी सांगून टाकलं. एकतीस मी केलं, बाई. बाई पुढून वळल्या. आता विचारतील, का केलंस. मी उत्तर जुळवत होते. बाईंनी विचारलं, “कसं केलंस?”

का, नाही. कसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये सात इंजिनियर जमवले होते. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, समोर एक चांगलं यंत्र आणि एक कोरी चिप ठेवली आणि म्हणाल्या, काल केलंस ते कर. मला वाटलं, चारचौघांत नाक कापताहेत. डोळ्यांत पाणी आलं, भिंगातून काही दिसेना. तरी हात चालले. सोडवलं, केबल लावली, उतरवलं, बसवलं. बाईंनी घड्याळ लावलं होतं. नऊ मिनिटं. ती सात शिकलेली माणसं माझ्या हातांकडे पाहत होती आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी माझ्याकडे पाहणाऱ्या तोंडांवर पाहिलं नव्हतं. ती घाबरली होती.

बाई इंग्रजीत बोलल्या, सावकाश, बहुधा मला कळावं म्हणून. किल्ली बाहेर येत नाही, असं मी दीड वर्ष सांगत आले. ती नऊ मिनिटांत बाहेर आली. उघडी पडते ती किल्ली नव्हेच. कांताने केलं ते उद्या एखादा चोर करील. चूक माझ्या आराखड्यात आहे, तिच्या हातात नाही. डेक्लनने खाली पाहत कान खाजवला. पहिल्यांदाच तो ग्रँड म्हणाला नाही.

अहवालात बाईंनी हेच लिहिलं. दोष शोधणाऱ्याचं नाव, कांता शेलार. दोष कुणाचा, स्वतःचं नाव. हॉस्पिटलने करार पुढे ढकलला. महिन्याभरात बाईंना कळवण्यात आलं की त्यांची जागा राहणार नाही. आणि माझी राहिली. नवीन यंत्रं फोडून बघायला मला ठेवलं. मला अन्न गोड लागेना. विलास म्हणायचा, देवाने वाचवलं. मी म्हणायचे, देवाने नाही, बाईंनी.

तीन महिन्यांनी, बाईंच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी ऑफिसातल्या मॉरीनकडे गेले. परमिटचे कागद तीच बघायची. मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, फॉर्मवर लिहिलंय ते खोटं आहे, मी बारावी नाही, आठवी. मॉरीनने फाइल काढली, चष्मा लावला, पानं उलटली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली की हा रकाना कुणी वाचलेलाच नाही. या कामाला शाळेचा दाखला लागतच नाही. परमिटच्या अर्जात तो जोडलेलाही नाही. तिने तिथल्या तिथे बारावीवर रेघ मारली, आठवी लिहिलं, माझी सही घेतली आणि चहा घेणार का विचारलं.

मी तिच्या खुर्चीत बसून राहिले. ज्या भीतीपायी मी सतरा नंबरची नक्कल केली, ज्यापायी त्या खाटेवरच्या माणसाच्या तोंडाशी दुसऱ्याचं औषध गेलं, ज्यापायी बाईंची खुर्ची गेली, ती भीती खोटी होती. कुणी विचारलंच नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बाई निघून गेल्याचं कळलं तशी मी धावत बसस्टॉपवर गेले. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात एक खोका, वाऱ्याने उलटी झालेली छत्री, मोजे ओले. मी हाक मारली. वळल्या नाहीत.

“कोण?”

“मी कांता.”

“पहिल्या दिवशी कुठली वायर खोटी होती?”

“पिवळी. वायर खरी होती बाई, तिचं सोल्डर खोटं होतं.”

मग वळल्या. डोळे कोरडे होते. मी म्हटलं, आज मीही एक विचारणार आहे. त्यांनी खोका खाली ठेवला, आणि एखाद्या यंत्राने बरोबर उत्तर दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर यायचं तसं काहीतरी आलं. माझा बेत साधा होता. त्यांना ओळखता यायचं नाही, मग मी सगळं सांगून टाकीन आणि पाया पडेन.

“माझं शिक्षण किती?”

“आठवी,” बाई म्हणाल्या. एक क्षणही थांबल्या नाहीत. “पहिल्याच दिवशी तू सोळा वर्षं म्हणालीस. फॉर्मवर वय तीस. तिसातून सोळा गेले की चौदा उरतात. चौदाव्या वर्षी आठवी होते, बारावी कुणी होत नाही.”

पाऊस तिरपा येत होता. मला तो लागतच नव्हता. दोन वर्षं. दोन वर्षं त्यांना माहीत होतं. त्या दोन वर्षांत त्यांनी डबा वाटून घेतला, आईच्या हातावरची खूण घेऊन शिकवलं, आणि एक शब्द नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? कुठलंसं बळ आलं आणि तेही म्हटलं, बोलला असतात तर मी घाबरले नसते, आणि तुम्ही आज इथे उभ्या नसता.

बाईंनी गळ्याकडे हात नेला. काळा दोरा तिथे नव्हता. किल्ली डेक्लनला दिली होती. “ते तुझ्या आतलं होतं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या आतलं मी बाहेर काढत नाही.” मग माझ्याकडे न पाहता, “पण विचारायला हवं होतं. सगळ्यांना विचारते मी. तुला नाही विचारलं.”

बस आली. पाटीवर ब्रे. नेहमीचाच ड्रायव्हर. बाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि विचारलं, ही कुठे जाते? आज त्याने थट्टा केली नाही, सरळ गावाचं नाव सांगितलं. बाई चढल्या. एरवी कंपनीचा पास असायचा, नुसता दाखवून आत. आज पास नव्हता. ड्रायव्हरने तिकिटासाठी विचारलं, तुम्ही कुठे निघालात?

साधा प्रश्न. बाई खोका छातीशी धरून उभ्या राहिल्या. काचेवरचा वायपर एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. मी त्यांना उत्तर शोधताना कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. दार मिटलं होतं.